बाहुलीची पाठ बघायला जा

मातीची किंवा तारेची बाहुली टेबलावर उभी करायची, फोटो काढायचा, तिचा हात केसभर सरकवायचा, पुन्हा फोटो काढायचा. सेकंदाला असे बारा फोटो जमले की पडद्यावर ती बाहुली चालते, दचकते, हंड्यातून पाणी ओतते. स्टॉप-मोशन ॲनिमेशन ते हेच. अमरावती आणि अकोल्याकडे हाताला वळण असलेली मुलंमुली कमी नाहीत. कोणी गणपती रंगवतं, कोणी स्नेहसंमेलनाचे मुखवटे करतं, कोणी उरलेल्या कापडातून बाहुल्या शिवतं. त्यांच्यापैकी ज्यांना पडद्यासाठी बाहुल्या करायच्या आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. या कामाचं प्रदर्शन किंवा स्टुडिओ बघायचा तर बहुतेक वेळा मुंबईची गाडी धरावी लागते. खर्च करून, रात्रभर प्रवास करून जायचं, तर तिथे काय बघायचं हे घरूनच ठरवून गेलेलं बरं.

माझं पहिलं सांगणं हे की जाण्याआधी एक बाहुली स्वतः करा आणि ती मोडेपर्यंत वापरा. ज्याने कधी तार वाकवली नाही, त्याला काचेच्या पेटीतल्या बाहुलीचा चेहरा दिसतो, कपडे दिसतात, आणि 'किती सुंदर' म्हणून तो पुढे जातो. ज्याच्या बाहुलीचा गुडघा चित्रण चालू असताना तुटला आहे, तो थेट गुडघ्याकडे बघतो. प्रदर्शनातून काय शिकून याल, हे तिथल्या बाहुल्यांपेक्षा तुमच्या घरच्या मोडक्या बाहुलीवर ठरतं.

या पहिल्या बाहुलीसाठी बाहेरून काही मागवू नका. सांगाड्याला ॲल्युमिनियमची तार लागते. खांबावरून घरात वीज आणायची सर्व्हिस वायर बहुतेक वेळा आतून ॲल्युमिनियमची असते आणि इलेक्ट्रिकच्या दुकानात तिचे तुकडे मिळतात. वरचं प्लॅस्टिक सोला आणि तार वाकवून पाहा. वाकवली तिथे राहिली तर घ्या, उसळी मारत असेल तर दुसरी शोधा. कुंपणाची तार या कामाची नाही, ती उसळतेच. वीतभर उंचीच्या बाहुलीला दीड ते दोन मिलिमीटर जाडीची तार, दोन पदर एकत्र पिळून, पुरते. ड्रिल मशीन असेल तर दोन्ही पदरांचं एक टोक त्यात अडकवा, दुसरं पकडीत धरा. फार आवळून पिळू नका, पिळतानाच तार कडक होते आणि पुढे लवकर तुटते. मग खांदा, कोपर, कंबर, गुडघा हे वाकणारे भाग उघडे ठेवून मधल्या भागांवर एम-सील थापा. ही झाली हाडं. त्यामुळे बाहुली सांध्यात वाकते, मांडीत किंवा दंडात वाकत नाही. मनगट आणि घोटा सगळ्यात आधी तुटतात. म्हणून धडात छोट्या नळ्या बसवून हात-पायांच्या तारा त्यांत सारायच्या. एक हात गेला तर दुसरा घालता येतो, बाहुली उकलावी लागत नाही.

अंग भरायला आपल्याकडे कापूस आहे, आणखी काय हवं? सरकी काढलेला, पिंजलेला कापूस तारेभोवती दोऱ्याने आवळून बांधत जा. सैल भरलात तर प्रत्येक फोटोला पोटाचा आकार बदलेल. वरून जुन्या लुगड्याचं धुऊन मऊ झालेलं कापड चांगलं, नवं कापड स्टार्चमुळे ताठ राहतं. कापड निवडताना विणीकडे लक्ष द्या. जाड विणीचं कापड वीतभर बाहुलीच्या अंगावर गोणपाटासारखं दिसतं. छापील फुलं असतील तर ती बोटाच्या पेरापेक्षा पुष्कळ लहान हवीत.

प्लॅस्टिसिनची, म्हणजे न वाळणाऱ्या तेलकट क्लेची बाहुली करणार असाल, तर वऱ्हाडातला उन्हाळा हिशेबात धरा. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत ही क्ले दुपारी हातालाच चिकटते, नाक-कान ढळतात. कूलर लावला तर त्याच्या वाऱ्याने केस आणि कपडे हलतात, टेबल थरथरतं. क्लेचं काम हिवाळ्यात किंवा पहाटे करा. उन्हाळ्यात कापडी बाहुली बरी.

इथे एक फरक मनात पक्का करून घ्या. महाराष्ट्रात बाहुल्यांची परंपरा मोठी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जपल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या कुटुंबाने उभं केलेलं 'ठाकर आदिवासी कला आंगण' बघता येतं. रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्या तर घराघरांत पोचल्या. त्यांच्या वडिलांचा, यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव अजून रंगमंचावर येतो. पण या बाहुल्यांचे सांधे आणि स्टॉप-मोशनच्या बाहुलीचे सांधे यांचा हेतू उलट असतो. कळसूत्री बाहुली सैल हवी, दोरी हलली की तिचं अंग आपसूक डोललं पाहिजे. स्टॉप-मोशनची बाहुली ठेवली तशी राहिली पाहिजे. एक पाय उचलून, पुढे झुकून, कित्येक मिनिटं. सांधा वळायला हवा, पण सोडल्यावर जागेवरून ढळता कामा नये. हा ताण नेमका साधणं हाच या कारागिरीचा गाभा आहे. व्यावसायिक बाहुल्यांत त्यासाठी तारेऐवजी पोलादी गोळी आणि वाटीचे सांधे असतात, दोन पट्ट्यांमधला स्क्रू कमी-जास्त आवळून ताण ठरवतात. पिंगुळीला जरूर जा, डोकं कोरायचं कसं, रंग कुठे गडद ठेवायचा, हे तिथे शिकायला मिळेल. सांध्यांसाठी मात्र दुसरीकडे बघावं लागेल.

मुंबईच्या आधी आपल्याच गावातला एक स्टुडिओ बघून घ्या. कुंभारपुऱ्यात भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईच्या मूर्ती होतात. भुलोजी, भुलाबाई आणि कडेचा गणोबा, एवढ्याशा मूर्तीत तीन माणसं आणि त्यांचं नातं. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात मुली त्यांना मांडतात आणि गाणी म्हणतात. या मूर्ती करणाऱ्या हातांकडे बघा. शेकडो मूर्ती करताना डोळे कोणत्या क्रमाने काढतात? नाक चिमटीत उचलतात की वेगळं लावतात? रंगाचा पहिला हात कोणता? एकच चेहरा सतत सारखा कसा येतो? स्टॉप-मोशनच्या बाहुलीकारालाही हेच करायचं असतं, कारण चित्रपटात एका पात्राच्या अनेक सारख्या बाहुल्या लागतात. पोळ्याच्या आधी मातीचे बैल होतात तेव्हाही असंच जाऊन बसा. बैलाचं वशिंड आणि मान दोनच हालचालींत कशी येते ते बघण्यासारखं असतं. जाताना काही विकत घ्या, कामाच्या गर्दीत मधे बसू नका, आणि विचारल्याशिवाय मोबाइल काढू नका. मोठ्या स्टुडिओतही हीच रीत पाळायची आहे.

चित्रीकरणाची सवय मोबाइलवर लागते. 'स्टॉप मोशन स्टुडिओ' नावाचं ॲप त्याला पुरेसं आहे, व्यावसायिक लोक 'ड्रॅगनफ्रेम' वापरतात. सुरुवात बाहुलीनेच करायला हवी असंही नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या फ्रेमांनी टिपली आणि ती दाखवून 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल मिळवलं. १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केला. त्यात आगकाड्याच हलतात. शंभर वर्षांहून जुना हा धडा आजही घरी करता येतो. काड्यांची एक पेटी, टेबलावर पक्का बांधलेला मोबाइल, खिडकी बंद आणि एकच दिवा. खिडकी बंद ठेवण्याचं कारण सूर्य. दोन तासांत उजेड सरकतो आणि चित्र लुकलुकतं. काड्यांना दोन दिवस द्या, मग बाहुली हातात घ्या.

आता जायचं कुठे. अमरावतीहून सुटणारी अमरावती-मुंबई एक्स्प्रेस बडनेरा, अकोल्यावरून रात्रभर जाऊन सकाळी सीएसएमटीला पोचवते. मुंबईत गेल्या पंचवीस वर्षांत या माध्यमात पुष्कळ काम झालं. अमरॉन बॅटरीच्या क्लेच्या जाहिराती ज्यांना आठवतात, त्यांनी सुरेश एरियत यांचं काम पाहिलेलं आहे. त्यांच्या 'स्टुडिओ ईकसॉरस'ने केलेली 'टोकरी' ही पंधराएक मिनिटांची फिल्म मिळवून बघाच. वडिलांचं घड्याळ बिघडवून बसलेली एक मुलगी ते दुरुस्त करायला टोपल्या विकायला निघते, एवढीच गोष्ट. सेकंदाला बारा हालचाली धरल्या तरी पंधरा मिनिटांचे होतात १०,८००. ती मुलगी पडद्यावर असताना दर हालचालीला कोणीतरी तिला हात लावला आहे, आणि तरी तिचं अंग मळलेलं किंवा फाटलेलं दिसत नाही. हे बाहुली करणाऱ्याचं यश. याच स्टुडिओची 'देसी ऊन' ही फिल्म दख्खनी मेंढीच्या लोकरीबद्दल आहे, आणि ती लोकर वापरूनच केलेली आहे. २०२५ मध्ये फ्रान्समधल्या आनसी महोत्सवात तिला पारितोषिक मिळालं. आपल्या कापसाकडे बघताना ही फिल्म डोळ्यांसमोर ठेवा. वैभव कुमारेश यांचा चॅनल व्ही वरचा क्लेचा 'सिंपू' हेही अभ्यासण्यासारखं काम आहे, कमी हालचालीत विनोद कसा पकडायचा ते त्यातून कळतं. हे दोघेही अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत शिकले.

खासगी स्टुडिओ म्हणजे तिकीट काढून बघायचं ठिकाण नव्हे. तिथे काम चालू असतं, जाहिरातीच्या तारखा असतात. म्हणून महोत्सव आणि प्रदर्शनं धरा. मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, ज्याला सगळे मिफ म्हणतात, १९९० पासून दोन वर्षांतून एकदा होतो आणि त्यात ॲनिमेशनला वेगळी जागा असते. २८ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिवस. १८९२ मध्ये याच तारखेला एमिल रेनो यांनी पॅरिसमध्ये हलत्या चित्रांचा पहिला सार्वजनिक खेळ केला होता. या दिवसाच्या आसपास आसिफा इंडिया ही संस्था कार्यक्रम घेते आणि स्टुडिओतली माणसं तिथे निवांत बोलायला भेटतात. पवईच्या आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन भरवतं, ते तर चुकवूच नका. विद्यार्थ्यांच्या बाहुल्यांवर कमी पैशात काढलेल्या वाटा दिसतात, आणि ज्याने केली तो शेजारीच उभा असतो.

मुंबईला गेलातच तर आणखी दोन ठिकाणं करा. पेडर रोडवरचं राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय २०१९ मध्ये सुरू झालं, जुने कॅमेरे आणि फाळक्यांचा काळ तिथे समजतो. दुसरं भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. हे बाहुलीकारासाठी मला अधिक मोलाचं वाटतं. वेगवेगळ्या समाजांच्या, व्यवसायांच्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती तिथे आहेत. पागोटं बांधण्याची पद्धत, धोतराचा कासोटा, बसण्याची ढब हे सगळं बोटभर उंचीत कसं आणलं आहे ते वही काढून उतरवा. दोन्ही ठिकाणचा सुटीचा वार आधी बघून घ्या.

परदेशात कोणी नातेवाईक असेल तर त्यांना सांगून ठेवता येईल. जपानमधल्या ईदा शहरात किहाचिरो कावामोतो यांच्या बाहुल्यांचं कायमचं संग्रहालय आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात २०२२ च्या डिसेंबरात गिएर्मो देल तोरो यांच्या 'पिनोकिओ'च्या बाहुल्या आणि सेट मांडले होते. असं काही पुन्हा भरलं तर तिथून फोटो मागवा, पण पुढे सांगतो त्या बाजूंनी काढलेले.

प्रदर्शनात पेटीसमोर उभं राहिलात की आधी पाय बघा. बाहुली एका पायावर उभी राहते ती तळपायात बसवलेल्या नटमुळे. सेटच्या पाट्याला भोक पाडून खालून स्क्रू आवळतात, पाऊल उचललं की भोक बुजवतात. काही ठिकाणी लोखंडी पत्र्याचा पाटा आणि खालून चुंबक असतो. यामुळे तळवे जरा मोठे, बूट जरा जाड असतात. आपण ते बघतो तेव्हा ती शैली वाटते, पण तिच्या मागे स्क्रू असतो.

मग पाठ बघा. पेटीच्या मागे जाता येत असेल तर जा, आरसा असेल तर त्यात बघा, नसेल तर कडेने वाका. कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला शिवण असते, बाहुलीला हवेत धरायचा गज अडकवायचं भोक असतं, आतले स्क्रू आवळायला ठेवलेली फट असते. मानेची रेघ कुठे लपवली आहे, कॉलरखाली की केसांखाली? तोंड बदलायचं असेल तर चेहऱ्याचा खालचा भाग वेगळा होतो, त्याची जोडरेघ गालावर सापडते का? डोळ्याच्या बुबुळात टाचणी शिरेल एवढं भोक आहे का? असलं तर नजर त्या टाचणीने फिरवतात. तुमची बाहुली करताना उत्तर सापडलं नव्हतं, ते प्रश्न घेऊन या जागा तपासा.

केस आणि कापड यांना वेगळा वेळ द्या. १९३३ च्या 'किंग काँग'ची बाहुली मार्सेल डेलगाडो यांनी केली होती. तिच्यावर सशाची कातडी होती आणि हालचाल देणाऱ्यांच्या बोटांनी ते केस प्रत्येक फ्रेमला विस्कटत. पडद्यावर काँगचं अंग सतत शहारल्यासारखं दिसतं ते त्यामुळे. आता केसांच्या आत बारीक तार घालतात, किंवा सिलिकॉनमध्ये रोवतात, किंवा जाणूनबुजून थोडं विस्कटू देतात. पेटीतल्या बाहुलीबाबत यातलं काय केलं आहे ते ओळखायचा प्रयत्न करा. 'कोरालाइन' या २००९ च्या चित्रपटातला स्वेटर अल्थीया क्रोम यांनी केसासारख्या बारीक सुयांवर विणला होता. आपल्याकडे क्रोशाचं काम करणाऱ्या आज्या आहेत, मावश्या आहेत. एवढ्या बारीक विणीचा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवून बघा, त्या कामाला लागतील.

फोटोला परवानगी असली तरी आधी चित्र काढा. काढताना हात ज्या जागी अडतो, तिथे तुमचं निरीक्षण अपुरं असतं. उंची मोजता येत नसेल तर आपल्या वितीशी ताडून लिहा.

सेटही बघा, कारण बाहुली सेटच्या मापात करावी लागते. वऱ्हाडातलं घर उभं करायला लागणारं सगळं शेतात पडलेलं असतं. पऱ्हाटीच्या बारीक फांद्यांची झाडं होतात, तुऱ्हाटीच्या काड्यांवर माती लिंपून कुडाची भिंत होते, धुरासाठी पिंजलेला कापूस ताणला की झालं. बांबूच्या कामट्या हव्या असतील तर मेळघाटात धारणीजवळ लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र आहे. एकदा तिथे जाऊन बांबू चिरायची, तासायची पद्धत शिकून या. छपरावरचे कवेलू नखाएवढे करायचे तर मातीत बारीक रेती घालू नका, भेगा परवडल्या पण खडबडीतपणा नको. नखाएवढ्या कवेलूवर रेतीचा कण गोट्यासारखा दिसतो.

स्टुडिओत जायला मिळालं, तर काही गोष्टी न विचारता पाळायच्या. गडद, साधे कपडे घाला, पांढरा सदरा दिव्याचा उजेड बाहुलीवर फेकतो. चित्रण चालू असलेल्या टेबलाच्या जवळून चालू नका. जमिनीच्या हादऱ्याने बाहुली सरकली तर दिवसभराचं काम वाया जाऊ शकतं. कशालाही बोट लावू नका. 'बाहुली हातात घेऊ का?' हा प्रश्न दुरुस्तीच्या टेबलाशी आल्यावर विचारा, सेटवर नको. दिसलेलं बाहेर सांगायचं नाही आणि फोटो टाकायचे नाहीत, हे त्यांनी म्हणण्याआधी आपणच कबूल करावं. जाहिरात किंवा फिल्म प्रसिद्ध होईपर्यंत ती त्यांची गुप्त गोष्ट असते.

सगळ्यात जास्त वेळ दुरुस्तीच्या टेबलाशी काढा. मोठ्या स्टुडिओंत चित्रण चालू असताना बाहुल्या दवाखान्यात यावं तशा तिथे येतात. कोणाचं बोट तुटलेलं, कोणाची मान सैल झालेली, कोणाचा गाल मळलेला. विचारण्यासारखे प्रश्न तिथेच आहेत. ही बाहुली आधी कुठे तुटते? एका पात्राच्या किती बाहुल्या केल्या? साचा कशाचा आहे? आतली तार किती दिवसांनी बदलता? सिलिकॉनवरचा रंग निघू नये म्हणून काय करता? समुद्राच्या खाऱ्या हवेत, दमट दिवसांत काय बिघडतं? 'प्रेरणा कुठून मिळाली' हा प्रश्न घरी ठेवून जा. कारागिराला कामाचा प्रश्न विचारलात की तो स्टूल पुढे सरकवतो.

शिकायलाच जायचं असेल तर एनआयडी आणि आयडीसी ही दोन दारं आहेत. एनआयडीला त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा, आयडीसीच्या पदवीसाठी युसीड आणि पदव्युत्तरसाठी सीड. दोन्हीकडे मोठ्या कॉलेजचं नाव विचारत नाहीत, निरीक्षण आणि हात बघतात. कुंभारपुऱ्यात बसून काढलेली वही तिथे उपयोगी पडते. पण बाहुल्या करण्याच्या कामासाठी पदवीची अट सगळीकडे नसते. सुतारकाम, शिवणकाम, साचे पाडणं, दंतवैद्यकाच्या लॅबमधलं काम येणाऱ्यांनाही या क्षेत्रात जागा मिळते. अकोल्यात दातांच्या कवळ्या करणारा कुणी ओळखीचा असेल तर साचे आणि ॲक्रिलिक त्याच्याकडून शिकून घ्या.

स्टुडिओला भेटीसाठी लिहायचं ते मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, कशातही लिहा, पण दहा ओळींच्या आत. तुम्ही कुठले, काय करता, कोणती फिल्म बघितलीत आणि त्यातल्या कोणत्या बाहुलीबद्दल कोणता प्रश्न पडला, एवढंच. मुंबईत किती तारखेपासून किती तारखेपर्यंत असाल ते द्या, म्हणजे त्यांना सोयीचा दिवस निवडता येतो. उत्तर आलं नाही तर महिन्याने एकदाच आठवण करा. सोबत बाहुलीचे चार फोटो जोडा: समोरून, बाजूने, पाठीमागून, आणि एक कपडे उतरवून नुसत्या सांगाड्याचा. सांगाड्याचा फोटो सगळ्यात वर ठेवा.